हान्नाचं मत

विकेन्तीच्या बायकोनं मेल्यानंतर दोन वर्षांनी मत दिलं, आणि तेही घरबसल्या.

हे त्याला कळलं ते आदेलाच्या भाबडेपणामुळे. आदेला तेव्हा झालेसे नावाच्या आमच्या गावच्या ग्रंथालयात नुकतीच लागली होती. गावात कोण आहे, कोण गेलं, याचा तिला पत्ता नव्हता. निवडणुकीच्या दिवशी शाळेतल्या मतदान केंद्रावर तिला मतदारांची यादी घेऊन बसवलं होतं. विकेन्ती सही करायला वाकला, तशी ती गोड हसून म्हणाली, "काका, तुम्ही कशाला एवढी पायपीट केलीत? बायकोसारखं घरूनच द्यायचं की मत. त्यांचं सकाळीच आणलंय आमच्या लोकांनी."

"कुठल्या घरून?" विकेन्ती म्हणाला. "तिचं घर आता चर्चच्या मागे आहे. वर क्रूस आहे बघ, चुकायचं नाही."

आदेलाचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात तामारा अर्काद्येवना लगबगीनं आल्या. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका आणि निवडणूक समितीच्या अध्यक्षाही. आमच्याकडे ही दोन्ही कामं एकाच खुर्चीवर बसून होतात. फळा पुसणाऱ्यांनीच मतं मोजायची, म्हणजे पुसण्याचा हात बसलेला असतो.

"नोंदीची चूक आहे हो, विकेन्ती. होतं असं कधीकधी."

"मग तिचं मत पेटीतून काढा."

"ते कसं काढणार?" तामाराबाई खरोखरच दुखावल्यासारख्या झाल्या. "मत गुप्त असतं."

गाव आठवडाभर हसलं. विकेन्तीही चारचौघांत हसला. पण घरी आल्यावर त्यानं ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. त्याची हान्ना जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात राबली. गावातली अर्धी पोरं तिच्या हातचं खाऊन मोठी झाली. तोंडानं फटकळ होती. टीव्हीवर राष्ट्राध्यक्ष बोलायला लागले की हातातलं ओलं फडकं पडद्यावर भिरकावायची. साहेबांच्या मिशीवर ते बरोब्बर बसायचं, मग भाषण संपेपर्यंत फडकं काढायचं नाही असा घरात कायदाच होता. अशा बाईला मेल्यावर ओढत नेऊन त्याच माणसाला मत द्यायला लावलं! नुसतं चोरलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. इथे तिला त्याच्या पंगतीला नेऊन बसवलं होतं. विकेन्तीला राग आला, आणि तो राग पाच वर्षांत तसूभरही कमी झाला नाही.

त्यामुळे पुढची निवडणूक आली, शहरातून दोन मुली आल्या, आणि सामान्य माणसानं निवडणुकीवर नजर कशी ठेवायची हे दुकानामागच्या पडवीत बसून समजावू लागल्या, तेव्हा पहिला हात विकेन्तीचा वर गेला. शेजाऱ्यांच्या सह्या गोळा केल्या की कुणालाही निरीक्षक होता येत होतं. कायद्यात तसं लिहिलं होतं. लिहिणाऱ्यांना वाटलं नव्हतं की कुणी खरंच होईल.

"तुम्हाला भीती नाही वाटत, काका?" त्यातल्या एकीनं विचारलं.

"तीस वर्षं तालुक्याची बस चालवली. ब्रेक नसलेलीसुद्धा," विकेन्ती म्हणाला. "देशाचं काय व्हायचं ते होवो. यंदा माझी हान्ना मत देणार नाही."

मतदान आमच्याकडे मुख्य रविवारच्या आधीच सुरू होतं. कुणाला सवड नसेल तर त्यानं आधी येऊन मत द्यावं, असा कनवाळू हेतू. त्या दिवसांत साथीचं कारण सांगून निरीक्षकांना आत घेतलं नाही. विकेन्ती मासेमारीचं तिपाई स्टूल घेऊन शाळेच्या पायरीवर बसला. गावचा पोलिस सावित्स्की आला आणि म्हणाला, "पायरीवर नको, काका." विकेन्ती फाटकाशी बसला. मग फाटकाशीही नको झालं. तो रस्त्यापलीकडे लिंडनच्या झाडाखाली गेला आणि घरून शिकारीची दुर्बीण घेऊन आला. डोळ्यांत तेल घालून तो दाराकडे बघायचा. संध्याकाळी तामाराबाई दारावर दिवसभरातल्या मतांचा आकडा चिकटवायच्या, तो आत गेलेल्या माणसांच्या तिप्पट असायचा.

"बाकीचे खिडकीतून गेले का ग, तामारा अर्काद्येवना?" तो रस्त्यापलीकडून ओरडायचा.

तामाराबाई मान न वळवता आत जायच्या.

पण हे सगळं त्याच्या लेखी आजूबाजूचं होतं. त्याचं खरं लक्ष होतं रविवारवर, आणि रविवारच्या फिरत्या पेटीवर. म्हातारे, आजारी, ज्यांना शाळेपर्यंत यायला जमत नाही, त्यांच्या दारी ही छोटी पेटी जाते. जंगलापलीकडच्या वाड्यांवर आता म्हातारी माणसंच उरलीत, म्हणून आमच्याकडे पेटीचा फेरा लांबलचक असतो. दोन घरांच्या मधला रस्ता सामसूम. जीपच्या मागच्या सीटवर मांडीवर पेटी, हातात कोऱ्या मतपत्रिका, आणि बघायला फक्त पाइनची झाडं. हान्नानं मत दिलं ते त्या रस्त्यावर.

रविवारी दुपारी शेतकी संस्थेची हिरवी जीप शाळेपुढे उभी राहिली. पेटीबरोबर जायला दोघं निघाली: व्यायामशिक्षक एद्झिक आणि आदेला. एद्झिक म्हणजे दाराच्या चौकटीत न मावणारा गडी, मनानं मऊ, आणि तामाराबाईंसमोर आणखीच मऊ. दोघांच्याही नोकऱ्या वर्षावर्षाच्या करारावर. करार दर ऑगस्टला संपायचा आणि तामाराबाईंच्या मर्जीवर पुन्हा सुरू व्हायचा. आता ऑगस्टच होता.

विकेन्ती छातीवरचा निरीक्षकाचा बिल्ला सरळ करून पुढे झाला. "मीही येणार. नियम आहे."

"नियम आहे, पण जागा नाही," तामाराबाई म्हणाल्या.

जीपच्या मागच्या सीटवर पेटी एकटीच ऐसपैस बसली होती. आदेलानं मान खाली घातली.

"माझं काही म्हणणं नाही," विकेन्ती म्हणाला, आणि त्यानं लिंडनखालची सायकल काढली.

जंगलातला रस्ता वाळूचा. तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाचे गुडघे कसे असतात ते ज्याचं त्याला माहीत. पहिल्या वाडीवर तो पोचला तेव्हा जीपची धूळसुद्धा खाली बसली होती. दुसऱ्या वाडीवर स्तेफा मावशी अंगणातल्या बाकावर काठी आपटत बसली होती. गावात सगळ्यांत म्हातारी तीच, आणि आवाज सगळ्यांत खणखणीत तिचाच.

"आले आणि गेले!" विकेन्ती सायकलवरून उतरायच्या आधीच ती कडाडली. "बसलेसुद्धा नाहीत!"

"किती वेळ झाला, मावशी?"

"अरे, मी काय सांगतेय? बसले नाहीत! सकाळपासून टेबल मांडून ठेवलंय. बटाट्याची धिरडी केली, आंबट साय काढली, नवीन पांढरा कपडा घातला. आणि तो एद्झिक उंबऱ्यातूनच कागद पुढे करतो. म्हणे, इथे खूण करा, घाई आहे. माझ्या घरात? माझ्या बापाला पकडून न्यायला आले होते ना त्या काळात, तेसुद्धा आधी जेवले आणि मग घेऊन गेले!"

विकेन्तीला हसू आलं, पण धापेत अडकलं. तो बाकावर बसला आणि कपाळ पुसत म्हणाला, "त्यांना घाई का आहे ठाऊक आहे? माझ्या आधी पुढे निघायचंय. मी नसलो की वाटेत कोऱ्या कागदांवर खुणा करतील. जे नाहीत त्यांच्या नावानं. गेल्या खेपेला हान्नाच्या नावानं केली."

गावात हसण्यावारी गेलेली ती गोष्ट जंगलापलीकडे कधी पोचलीच नव्हती. स्तेफा मावशीची काठी थांबली. "कुणाच्या?"

"हान्नाच्या."

"आपल्या हान्नाच्या? तिला जाऊन तर तेव्हा..."

"हो."

म्हातारीनं काठी बाकाला टेकवून ठेवली. मग तिनं झग्याच्या खिशातून बटणांचा फोन काढला, हातभर लांब धरून बटण दाबलं आणि जंगलापलीकडे फोनशिवायही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "यूझेफा! तुझ्याकडे जीप येतेय. बसव त्यांना. काय म्हणजे काय? टेबलाशी बसव! विकेन्ती येईपर्यंत उठू द्यायचं नाही. आणि तुझं झालं की पुढच्या घरी कळव. सांग, स्तेफानं सांगितलंय. त्यांनी हान्नाला बाटवलंय, आणि माझ्या घरी बसले नाहीत."

या दोन गुन्ह्यांत तिच्या लेखी मोठा कुठला, ते विकेन्तीला शेवटपर्यंत कळलं नाही.

तो निघाला तसं तिनं त्याला थांबवलं. आत जाऊन गुडघ्याला बांधायचं बँडेज आणलं, दातानं फाडून त्याची पट्टी सायकलच्या हँडलला बांधली. "नात सांगत होती, साहेब नकोत म्हणणारे आता पांढरं बांधतात. माझ्याकडे एवढंच पांढरं आहे. जा. आणि हळू जा, ते कुठे जात नाहीत."

ते खरंच कुठे गेले नव्हते. यूझेफाच्या घरापुढे जीप उभी होती, ड्रायव्हर सावलीत तोंडावर टोपी घेऊन पसरला होता. विकेन्ती आत शिरला तेव्हा मतपेटी भिंतीकडच्या बाकावर ठेवलेली, आणि एद्झिक टेबलाशी, पुढ्यात गुलाबी बीटच्या थंड साराचा वाडगा. यूझेफा डाव घेऊन त्याच्या डोक्यावर उभी होती. ती स्तेफाची धाकटी बहीण, अंगानं मूठभर. पण डाव हातात असला की तिच्यापुढे कुणाचं चालत नसे.

"आजी, खरंच पुरे. आम्हाला उशीर होतोय."

"कसला उशीर? तुझी आई मला म्हणाली होती, पोरगं अर्धपोटी राहतं. तुला काय वाटतं, मी तिला वर गेल्यावर काय तोंड दाखवू? खा. हे धिरडं माझ्यासाठी. हे तुझ्या आईसाठी. आता हे एक राहिलं, ते कुणासाठी ठेवू?"

"नमस्कार," विकेन्ती म्हणाला आणि टोपी काढून पेटीशेजारी बसला. "निरीक्षक हजर आहे. चालू द्या, चालू द्या. निवांत जेवा."

एद्झिकनं तोंडातला घास गिळला. त्यानं आदेलाकडे पाहिलं, आदेलानं खिडकीबाहेर. तिच्या ताटातलं धिरडं जवळपास अखंड होतं.

मग यूझेफानं मत दिलं. तिला पडद्याआड जा म्हटलं तर ती म्हणाली, "कशाला? आयुष्यभर गुप्त ठेवलं, काय मिळालं?" आणि सगळ्यांसमोर टेबलावर कागद सरळ करून एवढी मोठी फुली मारली की कागद फाटतो की काय असं वाटलं. खूण साहेबांच्या नावासमोर नव्हती. तो कागद तिनं एद्झिकच्या नाकापुढे धरला, मग विकेन्तीच्या, आणि घडी करून पेटीत टाकला.

तिथून पुढे विकेन्तीचे गुडघे सुखावले. प्रत्येक घरी फोन आधी पोचत होता, मग जीप, मग सायकल. एका घरी खारवलेली डुकराची चरबी आणि लसूण. एका घरी मशरूमची आमटी. एका घरी आजोबांनी खास ठेवणीतली घरची दारू काढली, ती ड्रायव्हरला नको म्हणणं जड गेलं, पण त्यानं वास घेऊन परत दिली. नाही म्हणायची सोय नव्हती. आमच्या भागात माणूस कर चुकवेल, नवस फेडायचं विसरेल, पण म्हातारीनं वाढलेलं ताट सरकवणार नाही. एद्झिकनं आधी पट्टा सैल केला, मग काढून खिशात ठेवला. प्रत्येक उंबऱ्यावर तो हात जोडून "फक्त सही" म्हणायचा आणि प्रत्येक टेबलावरून कण्हत उठायचा. त्याला एकदाही विकेन्ती पोचायच्या आधी उठता आलं नाही.

दोन घरांच्या मधे ड्रायव्हर आता भरल्या पोटी सावकाश हाकायचा, आणि विकेन्ती जीपच्या मागच्या चाकाला लागूनच असायचा, धूळ खात, मागच्या काचेतून आत बघत. आत दोन माणसं आणि एक पेटी. कुणाचा हात कागदाकडे गेला नाही.

शेवटच्या घरातून निघाले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. एद्झिक जीपला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "चला, संपलं. विकेन्ती काका, तुम्हीही दमलात. शाळेत भेटू."

विकेन्तीनं सायकल जीपच्या पुढ्यात आडवी घातली. "यादी संपली?"

"संपली म्हणतोय ना."

"मी तुला नाही विचारत. यादी हिच्या हातात आहे. आदेला, पुढचं नाव वाच."

पुढं काय झालं ते विकेन्तीनं नंतर अनेकांना सांगितलं. आदेलानं यादी छातीशी घट्ट धरली. यादीवर अजून पुष्कळ नावं होती, ती वाटेत 'करायची' होती, आणि हे तिघांनाही माहीत होतं. ती नुसती गप्प राहिली असती तरी चाललं असतं. करार, ऑगस्ट, ग्रंथालयामागची तिची खोली, सगळं शाबूत राहिलं असतं. तिनं यादी डोळ्यांसमोर धरली आणि बारीक आवाजात वाचलं, "हान्ना कुचिन्स्काया. तळ्याकाठचं घर. घरून मतदानाची विनंती."

आपल्या बायकोचं नाव ऐकून विकेन्तीला रडू आलं. ते त्यानं लपवलंही नाही. डोळे पुसून तो म्हणाला, "मग चला. विनंती आहे ना? पेटी न्यायलाच हवी. नियम आहे."

"काका, सोडा ना," एद्झिक म्हणाला.

"का सोडू? माझी बायको वाट बघत असेल."

आता जीपमध्ये जागा निघाली. सायकलसुद्धा मागे बसली.

तळ्याकाठच्या घरी विकेन्तीनं आधी दार सताड उघडं टाकलं. मग टेबलावर पांढरा कपडा अंथरला. चार ताटं मांडली, चार चमचे. स्वतःसमोर एक, एद्झिकपुढे, आदेलापुढे, आणि चौथं दाराकडे तोंड केलेल्या रिकाम्या खुर्चीपुढे. त्या ताटात त्यानं भाकरीचा तुकडा ठेवला, सकाळचं सार वाढलं, पाव पेला दारू ओतली, आणि पेटी उचलून बरोबर त्या ताटाच्या शेजारी ठेवली. मतपत्रिकाही ठेवली. वर पेन.

हे काय चाललंय ते कुणाला सांगावं लागलं नाही. पितरांचं जेवण आमच्याकडे नोव्हेंबरात असतं. घरचा कर्ता दार उघडतो, एकेकाला नावानं हाक मारतो, आणि गेलेली माणसं येऊन आपापल्या ताटाशी बसतात. ती जेवून उठेपर्यंत जिवंतांनी उठायचं नाही.

"काका, आत्ता ऑगस्ट आहे," एद्झिक पुटपुटला.

"गेल्या वेळी मत द्यायला अवेळी आलीच होती की," विकेन्ती म्हणाला. तो उभा राहिला आणि उघड्या दाराकडे बघून त्यानं हाक मारली, "हान्ना! ये. तुझ्या शाळेतून माणसं आलीत. तुझं मत न्यायला."

मग तो बसला. तिघंही बसून राहिली. बाहेर तळ्यावर बदकं ओरडत होती. घड्याळ चालू होतं. मतपत्रिका वाऱ्यानं जराशी हलली आणि आदेलानं दचकून टेबलाची कड धरली. एद्झिक त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता. दिवसभर त्यानं गावाचं अन्न खाल्लं होतं, पण आता जे त्याच्या गळ्याशी आलं ते आजचं नव्हतं. दुसरीत असताना बाप दारू पिऊन पडलेला असायचा, तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी एक ताट झाकून ठेवलेलं असायचं. ते कोण खातं म्हणून हान्नानं कधी विचारलं नाही, आणि त्यानं कधी सांगितलं नाही.

फोन वाजला. तामाराबाईंचा आवाज खोलीभर ऐकू आला. "एद्झिक! कुठे आहात? केंद्र बंद व्हायची वेळ झाली. यादी पूर्ण केलीत ना?"

"सगळी घरं झाली. एक राहिलं. हान्ना मावशी घरी नाहीत."

पलीकडे दार लोटलं गेलं. मग हळू, दात आवळून, "एद्झिक, गेल्या वेळी होती ती घरी."

"गेल्या वेळी मी आलो नव्हतो."

"तुला नोकरी करायची आहे का नाही?"

एद्झिकनं खुर्चीकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. "तामारा अर्काद्येवना," तो म्हणाला, "मी हान्ना मावशीच्या टेबलाशी बसलोय. तुम्ही या आणि तुम्हीच घ्या तिची सही. आम्ही दार उघडं ठेवलंय."

त्यानं फोन बंद केला आणि पालथा घातला. आदेलानं तेच पेन उचललं, यादीत हान्नाच्या नावासमोर 'मृत' लिहिलं, आणि खाली सही केली. मग पेन एद्झिककडे दिलं. त्यानंही केली. खाली उरलेल्या नावांवर तिनं एकच लांब रेघ ओढली. कोऱ्या मतपत्रिकांचे कोपरे विकेन्तीच्या कात्रीनं कापून टाकले, म्हणजे कुणाच्या कामाच्या राहिल्या नाहीत. हेही नियमातच होतं, पण आमच्याकडे ते आजवर कुणी केलेलं नव्हतं.

शाळेपाशी पोचले तेव्हा सगळं गाव अंगणात जमलं होतं. आकडा ऐकायला माणसं आली होती. असं पूर्वी कधी झालं नव्हतं, कारण आकडा काय असणार ते आधीच माहीत असायचं. कुणाच्या मनगटाला पांढरी फीत, कुणाच्या हातात पांढरा रुमाल. स्तेफा मावशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आली होती आणि तिथूनच सगळ्यांना हुकूम सोडत होती. फाटकाशी तालुक्याहून आलेली जाळीची पोलिसगाडी उभी होती.

पेटी आत गेली. एद्झिक आणि आदेला तिच्यामागून आत गेली. विकेन्तीला मात्र पायरीवरच अडवलं. तामाराबाई बाहेर आल्या आणि त्याच्या छातीवरचा बिल्ला स्वतःच्या हातानं काढला.

"या निरीक्षकानं मतदानात अडथळा आणला. समितीला दिवसभर ताटकळत ठेवलं."

"ताटकळत?" ट्रॉलीतून आवाज आला. "अग, जेवू घातलं त्यांना! त्या पोराचा पट्टा बघ! अडथळा मी होते. मला धर, सावित्स्की. ये, उचल मला इथून."

"मावशी, घरी जा," सावित्स्की अजिजीनं म्हणाला. हेल्मेट घातलेल्या दोघांनी विकेन्तीला दंडांना धरलं आणि गाडीकडे नेलं. त्यानं पाय रोवले नाहीत. गाडीच्या पायरीशी मात्र तो थांबला, कारण शाळेचं दार पुन्हा उघडलं होतं.

आदेला निकालाचा कागद चिकटवायला आली होती, आकडे त्यावर पेटी उघडायच्या आधीच लिहून तयार होते. तिनं तो दारावर लावला, चारी कोपरे दाबले. पुढच्या रांगेतल्यांनी वाचला आणि अंगणभर एकच हुंकार उठला. साहेबांना दहांतली आठ मतं, नेहमीसारखीच. दिवसभर पांढरं बांधून आलेली सगळी माणसं बहुधा त्या उरलेल्या दोनांत कोंबून बसवली होती.

"आदेला!" विकेन्ती ओरडला. "हान्ना?"

ती वळली. तिच्या मागे दारात तामाराबाई उभ्या होत्या. आदेलानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाच वर्षांपूर्वी हळू, गोड आवाजात जे बोलली होती, ते आता तिला सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं बोलायचं होतं.

"हान्ना मावशींनी यंदा मत दिलं नाही, काका!"

विकेन्तीनं टोपी काढली. मग गर्दीतून एक बाई ओरडली, "आणि माझे वडील? पाव्हेल ग्रिंके?"

आदेलानं ओठ चावला. "दिलं. मंगळवारी."

"तीन वर्षं झाली त्यांना जाऊन!"

"माझा भाऊ? तो पोलंडात आहे!"

"दिलं."

"आमची आजी, आंतोल्या?"

"दिलं. कालच."

"आदेला, आत ये!" तामाराबाई किंचाळल्या. पण आता नावं थांबेनात. माणसं पुढे येऊन, टाचा उंचावून, आपापल्या घरच्या गेलेल्यांना हाका मारू लागली, आणि पायरीवरची ती सडपातळ बाई एकेकाचं उत्तर देत राहिली. तिला सगळी नावं पाठ होती. ती सगळे दिवस त्या यादीपाशी बसली होती. एद्झिक तामाराबाईंच्या पुढे होऊन बाहेर आला आणि आदेलाच्या मागे, दाराची पूर्ण चौकट भरून, हाताची घडी घालून उभा राहिला. आतून कुणालाच बाहेर येता येईना. हेल्मेटवाले इकडेतिकडे बघू लागले. एकाला धरायला आले होते, आता कुणाकुणाला धरायचं ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

विकेन्तीला त्यांनी आत ढकललं आणि दार लावलं. जाळीतून त्याला काही दिसेना, पण ऐकू सगळं येत होतं. कितीतरी नावं त्याच्या ओळखीची होती. ती माणसं त्याच्या बसमध्ये बसायची, तालुक्याच्या बाजाराला जायची, उतरताना दार आपटायची. गाडी सुरू झाली, वळली, तळ्याच्या रस्त्याला लागली, तरी हाका येतच होत्या.

पंधरा दिवस तरी आत ठेवतील, असा त्यानं अंदाज केला. तेवढ्यात त्याला आठवलं की घराचं दार उघडंच राहिलंय, टेबलावर ताटं तशीच आहेत. शेजारच्या पोलिसाला सांगून गाडी थांबवावी का, असं एकदा त्याच्या मनात आलं.

मग तो म्हणाला, राहू दे उघडं. हान्ना आहे घरी.